पाळीव उंदीर: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात पाळीव उंदरांवरचे प्रश्न पाठवा म्हटलं होतं, आणि पत्रं भरपूर आली. सगळी छापणं शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, पत्रं थोडी कापलीत आणि नावं मुद्दाम टाकली नाहीत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते कारण खाली ती पुन्हा पुन्हा येणार आहे. उंदराला आपला कोण परका कोण, कुठे झोपायचं, कशाला घाबरायचं हे सगळं नाकाने कळतं, आणि आपण त्याला पाळतो ते डोळ्यांनी, म्हणजे आपल्याला काय छान आणि स्वच्छ दिसतं त्यावरून. बऱ्याच पत्रांतल्या भानगडी इथूनच सुरू झाल्यात.

प्रश्न: नमस्कार ताई. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याने व्हिडिओत आफ्रिकन पिग्मी माऊस बघितला आणि तेव्हापासून तोच पाहिजे म्हणून मागे लागलाय. पट्टेवाला झेब्रा माऊस पण त्याला आवडलाय. आम्ही पहिल्यांदाच पाळणार आहोत. कोणता घ्यावा? मुलाला हातात घेऊन खेळायचंय, ते मुख्य.

उत्तर: हातात घेऊन खेळायचंय हे मुख्य असेल तर ह्या दोन्हींपैकी एकही नको.

पिग्मी माऊस दिसायला गोड आहे यात वादच नाही, पण त्याचं वजन दहा ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे जगातल्या सगळ्यात लहान सस्तन प्राण्यांत त्याची गणती होते, आणि एवढा जीव आठ वर्षांच्या मुलाच्या मुठीत दिला तर एक तर चेंगरतो नाहीतर निसटतो, आणि निसटला की सापडत नाही. नेहमीच्या तारेच्या पिंजऱ्यातून तो सरळ चालत बाहेर येतो. त्याला काचेचा टँक लागतो आणि वर एकदम बारीक जाळीचं, घट्ट बसणारं झाकण. हा कळपात राहणारा प्राणी आहे, एकटा ठेवायचा नाही. बघायला मात्र फार सुंदर. जंगलात तो बिळाच्या तोंडाशी बारीक खडे रचून ठेवतो, त्यावर रात्री दव जमतं आणि सकाळी ते चाटून तहान भागवतो. टँकमध्ये बारीक खडे ठेवून बघा, इकडून तिकडे ओढत बसतात.

झेब्रा माऊस म्हणजे वीज आहे. झाकण अर्धं उघडलं की उडी मारून बाहेर, आणि शेपटीला धरायला गेलात तर शेपटी हातात राहते. त्याला जो पाळतो त्याने खुर्ची टाकून समोर बसायचं आणि बघायचं, बस. हार्वेस्ट माऊस सुद्धा ह्याच जातकुळीचा, गवताच्या काड्यांवर शेपटी गुंडाळून चढतो आणि गवत विणून गोल घरटं करतो, त्याला उंच टँक लागतो, हातात घ्यायला तोही नाही.

तुमच्यासाठी साधा फॅन्सी माऊस, म्हणजे घरातल्या उंदराचाच पाळीव प्रकार, बरा. साधा म्हटलं तरी रंग, केस, डोळे यात एवढे प्रकार आहेत की मुलगा खूश होईल. माणसांबरोबर हा खूप पिढ्या राहिलाय, जपानमध्ये १७८७ साली रंगीत उंदरांची पैदास कशी करायची ह्यावर पुस्तिका निघाली होती आणि इंग्लंडात १८९५ साली नॅशनल माऊस क्लब सुरू झाला, म्हणजे माणसाच्या हाताची सवय ह्याच्या रक्तात आहे असं म्हणायला हरकत नाही. दोन किंवा तीन माद्या घ्या, एकच नको आणि नर तर पहिल्या वेळी नकोच. आणि ही जबाबदारी तुमची असेल, मुलाची नाही. तो खायला घालेल, घरटं करायला कागद फाडून देईल, जमिनीवर बसून त्यांना अंगावर चढू देईल, पण पाणी आहे का, श्वास नीट चाललाय का हे रोज मोठ्या माणसानेच बघायचं. साधारण दोन वर्षं जगतात, हेही मुलाला आणायच्या आधीच सांगा.

प्रश्न: ताई, माझ्याकडे दोन नर आहेत, एकाच वेतातले सख्खे भाऊ. लहान असताना एकमेकांच्या अंगावर झोपायचे. मी दर रविवारी पिंजरा पूर्ण रिकामा करून जंतुनाशक टाकून चकाचक धुते, सगळं बेडिंग (खाली अंथरलेला भुसा) नवीन घालते, आणि नेमकी त्याच रात्री मारामारी होते. एकाच्या पाठीवर शेपटीजवळ जखमा झाल्यात. शिवाय वास एवढा येतो की घरचे वैतागलेत. आठवड्यातून दोनदा धुऊ का?

उत्तर: अगं नको, मारामारी त्या धुण्यामुळेच होतेय.

उंदीर चालता चालता थेंब थेंब मुतत जातो, ती त्याची सही असते, इथे मी राहतो म्हणून. तू रविवारी त्या सगळ्या सह्या पुसून टाकतेस. रात्री दोघं उठतात तर घर अनोळखी, कोणाचंच नाही, मग दोघंही घाईघाईने सगळीकडे खुणा करायला लागतात आणि कोण वरचढ हे पुन्हा पहिल्यापासून ठरवायला बसतात. म्हणजे धुतल्यावर वास कमी व्हायच्या ऐवजी वाढतो, कारण ते जास्त मुततात, मग तू जास्त धुतेस, मग ते अजून मुततात.

करायचं ते असं. ओला झालेला कोपरा दर दोन तीन दिवसांनी चमच्याने उचलून टाकून दे, उंदीर बहुतेक ठरलेल्या एक दोन जागीच जास्त मुततात त्यामुळे तो पटकन सापडतो. बाकीचं बेडिंग बदलताना एका वेळी अर्धंच बदल. आणि घरटं, म्हणजे झोपायची ती कागदाच्या फाटक्या तुकड्यांची गादी, ती जशीच्या तशी उचलून बाजूला ठेव आणि नवीन बेडिंगवर परत ठेव. हे फक्त घरट्याचं, मुताने ओला झालेला भुसा मात्र परत टाकायचा नाही. ह्यावर प्रयोग झालेत, जुनं घरटं सोबत दिलं तर नरांची भांडणं कमी होतात आणि मुताचा भुसा परत दिला तर उलट वाढतात. व्हील (पळायचं चाक) आणि लपायची छोटी घरं वेगळ्या दिवशी धू, सगळं एका दिवशी नको. साध्या गरम पाण्याने, फार तर बिनवासाच्या साबणाने. ते जंतुनाशक बंद कर, त्याचा वास तुला फ्रेश वाटतो पण त्यांचं नाक जमिनीपासून एक सेंटीमीटरवर असतं.

हे झालं पुढचं. आत्ता मात्र रक्त आलंय, त्यामुळे आजच दोघांना वेगळं कर, उद्यावर टाकू नकोस. जखमा पाठीच्या खालच्या भागावर आणि शेपटीवर आहेत म्हणजे तो पळतोय आणि दुसरा मागून चावतोय. दुसऱ्याच्या अंगावर एकही ओरखडा नसेल, बघ. वयात आलेले नर एकत्र राहणं मुळातच अवघड असतं, भाऊ असले तरी. खेळ चाललाय की भांडण हे ओळखायची एक खूण सांगते, भांडणाआधी उंदीर शेपटी जमिनीवर थरथर थरथर हलवतो, ती हलताना बेडिंगमध्ये बारीक खडखड ऐकू येते. ते ऐकलं की तिथेच थांबवायचं. एकदा रक्त निघालेले नर पुन्हा एकत्र टाकून बघायचा मोह नको. दोन वेगळे पिंजरे, दोघांना व्हील, भरपूर कागद, आणि तू रोज थोडा वेळ दे. नर माणसाशी पटकन लळा लावतो, बऱ्याच वेळा मादीपेक्षा जास्त. लहान प्राण्यांचं ऑपरेशन करणारा अनुभवी व्हेट मिळाला तर नसबंदी करून त्याला माद्यांबरोबर ठेवता येतं, वासही बराच कमी होतो, पण भूल देण्यात धोका असतो, ते व्हेटशी बोलून ठरव.

प्रश्न: आमच्याकडे स्पायनी माऊस (पाठीवर काटेरी केस असलेले उंदीर) आहेत. पाहुण्यांच्या मुलीने एकाला शेपटीला धरून उचललं आणि शेपटीचं कातडं मोज्यासारखं निघून हातात आलं. आतली हाडं दिसतायत. ऐकलंय की ह्यांची कातडी परत येते. मग शेपटी पण येईल ना?

उत्तर: नाही हो, शेपटी येणार नाही. तुम्ही ऐकलंय ते चूक नाही, अर्धं आहे. आफ्रिकेतल्या स्पायनी माऊसवरचं संशोधन २०१२ साली आलं होतं, त्यात दिसलं की शत्रूने पकडल्यावर हे पाठीची कातडी सोडून पळतात आणि ती जखम व्रण न राहता, केसांसकट भरून येते, जे इतर सस्तन प्राण्यांत सहसा दिसत नाही. शेपटीचं तसं नाही. उघडा पडलेला भाग सुकतो आणि गळून पडतो, किंवा उंदीर स्वतःच कुरतडून टाकतो. बघायला भयंकर वाटतं पण नीट काळजी घेतली तर बिनशेपटीचा उंदीर उरलेलं आयुष्य व्यवस्थित काढतो.

लगेच करायचं म्हणजे भुसा काढून पांढरा टिश्यू किंवा स्वच्छ कापड अंथरा म्हणजे जखमेला कचरा चिकटणार नाही आणि रक्त येतंय का हेही दिसेल. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने हलका दाब द्या. मलम, हळद, आयोडीन काहीही लावू नका, तो ते चाटणार आहे. व्हेटकडे न्या, वेदना कमी करणारं औषध आणि गरज असेल तर शेपटीचा तो भाग नीट कापून घेणं ही त्यांची कामं. सोबतचे उंदीर जखम चाटत किंवा कुरतडत असतील तरच वेगळं ठेवा.

आणि आता हे सगळ्यांसाठी, कुठलाही उंदीर असो. शेपटीला धरून उचलायचं नाही. २०१० साली एक अभ्यास आला होता, त्यात काही उंदरांना शेपटीला धरून उचललं आणि काहींना नळीत शिरवून किंवा ओंजळीत घेऊन, तर शेपटीवाले माणसाचा हात दिसला की घाबरायचे, लांब राहायचे, आणि नळीवाले आपणहून हाताजवळ यायचे. पुठ्ठ्याची नळी, टिश्यू रोलमधली असते तीच, पिंजऱ्यात कायम ठेवा. तो आत शिरला की दोन्ही टोकांशी हात धरून नळीच उचला. पकडायला हात वरून आणू नका, वरून येतं ते झडप घालणारं असतं असंच तो समजणार.

स्पायनी माऊस असेल तर अजून एक, खाण्यात तेलबिया कमी ठेवा. सूर्यफुलाच्या बिया त्यांना फार आवडतात, पण हे पटकन लठ्ठ होतात आणि ह्यांना डायबिटीस होतो. आणि प्लास्टिकचा पिंजरा असेल तर कोपरे तपासत राहा, दात फार चालतात ह्यांचे.

प्रश्न: दोन्ही माद्या आहेत असं सांगून आम्हाला दोन उंदीर दिले. आज सकाळी घरट्यात गुलाबी गुलाबी पिल्लं! आठ तरी असतील. आई चांगली आहे, दुसरा उंदीर पण तिच्याजवळ बसलाय. काय करू? घाबरलेय मी.

उत्तर: आधी तो दुसरा उंदीर बाहेर काढ, आत्ता, मग पुढचं वाच.

तो बाप असणार आणि पिल्लांना तो काही करेल असं नाही, उलट बरेचसे बाप पिल्लांना ऊब देतात. पण मादी व्यायल्यानंतर एका दिवसाच्या आतच पुन्हा माजावर येते. कदाचित रात्रीतच सगळं होऊन गेलं असेल. तसं असेल तर साधारण तीन आठवड्यांनी, दूध पाजत असल्यामुळे कधी थोडं उशिरा, दुसरं वेत येईल, तर ते धरूनच चाल. गाभण राहून व्यायला एकोणीस ते एकवीस दिवस लागतात, एका वेतात सहा आठ ते बारा पिल्लं, आणि ती पिल्लं पाच सहा आठवड्यांची झाली की त्यांच्यातल्या माद्या स्वतः गाभण राहू शकतात. हा हिशोब हाताबाहेर कधी जातो ते कळत पण नाही, म्हणून आधी नर काढायचा.

आता आई. पहिले काही दिवस घरट्याला हात लावू नकोस, पिंजरा धुऊ नकोस, पिंजऱ्याची जागा बदलू नकोस, शेजाऱ्यांना बोलावून दाखवू नकोस. घाबरलेली मादी पिल्लं खाते, हे कडू आहे पण खरं आहे. शांत अंधारी जागा, पाणी भरलेलं, नेहमीच्या खाण्यासोबत थोडं उकडलेलं अंडं, आणि फाडायला मऊ कागद. कापूस किंवा फायबरचं फुलारलेलं बेडिंग मात्र चुकूनही घालू नकोस, त्याचे धागे पिल्लांच्या पायाला गुंडाळतात आणि पाय जातो.

पिल्लं पीत आहेत का हे हात न लावता बघता येतं. आई खाण्यासाठी घरट्यातून बाहेर आली की लांबून टॉर्च न मारता बघ, पातळ गुलाबी कातडीतून डाव्या बाजूला पोटात पांढरा पट्टा दिसतो, ते दूध. पट्टा दिसला की निश्चिंत. आठवड्याभरात अंगावर लव येते, तेराव्या चौदाव्या दिवशी डोळे उघडतात. डोळे उघडायच्या थोडं आधी, म्हणजे नवव्या दहाव्या दिवसाच्या सुमाराला, एक संधी असते जी बरेच जण घालवतात. तेव्हा पोटावर केस विरळ असतात आणि माद्यांच्या पोटावर दोन रांगांत ठिपके, म्हणजे स्तनाग्रं, स्पष्ट दिसतात, नरांना नसतात. तेव्हाच मोजून लिहून ठेव. पुढे केस दाट झाले की मग शेपटीखालचं अंतर बघत बसावं लागतं, नरात ते मादीच्या जवळपास दुप्पट असतं, पण सवय नसेल तर फसायला होतं. तुम्हाला उंदीर देणाऱ्याचं तसंच काहीतरी झालं असणार.

तीन आठवड्यांनी दूध सुटतं. चार आठवडे व्हायच्या आत सगळे नर आईपासून आणि बहिणींपासून वेगळे. माद्या आईबरोबर राहिल्या तरी चालतं. देण्यासाठी घरं आत्तापासून शोधायला लाग. नाही मिळाली म्हणून बाहेर सोडून द्यायचं मनात आणू नकोस, पाळलेला उंदीर बाहेर एक रात्र काढणं मुश्किल.

प्रश्न: आमची उंदरीण झोपली असताना तिच्या छातीतून टिक टिक असा आवाज येतो. खाते, पळते, सगळं नॉर्मल. सर्दी असेल का? घरात लहान मुलांचं अँटिबायोटिक सिरप आहे, त्यातला थेंब देऊ का?

उत्तर: सिरप देऊ नका. तीस ग्रॅमच्या जिवाला थेंब म्हणजे किती डोस ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही सांगता येणार नाही, आणि काही अँटिबायोटिकं त्यांच्या पोटाला भारी पडतात.

उंदरांना माणसासारखी येऊन जाणारी सर्दी क्वचित असते. असा टिकटिक किंवा घरघर आवाज आला की पहिला संशय मायकोप्लाझ्मा ह्या जंतूवर. हा बऱ्याच उंदरांच्या अंगात असतोच, शांत पडून राहतो, आणि शरीर थकलं किंवा हवा खराब झाली की डोकं वर काढतो. व्हेट सहसा डॉक्सिसायक्लिन किंवा एन्रोफ्लॉक्सॅसिन अशी औषधं वजन करून देतात. त्याने आराम पडतो, पण जंतू मुळापासून जातोच असं नाही, त्यामुळे पुन्हा त्रास होऊ शकतो हे मनाशी धरून चाला.

औषधाइतकीच हवा महत्त्वाची, आणि ती तुमच्या हातात आहे. मुतातून अमोनिया निघतो आणि तो खाली, बेडिंगच्या पातळीवर साठतो, उभ्या माणसाच्या नाकापर्यंत येईपर्यंत खाली श्वासनलिका सोलून निघालेली असते. म्हणून पिंजऱ्यात नाक खाली घालून वास घ्या, किळस वाटली तरी घ्या. डोळे चुरचुरले तर ओला भाग काढायला उशीर झालाय. काचेच्या टँकमध्ये हे जास्त होतं कारण हवा खेळत नाही, वरचं झाकण पूर्ण जाळीचं असू द्या. बेडिंग कशाचं आहे ते बघा, सीडर आणि कच्च्या पाइनचा भुसा नको, त्याचा तो छान लाकडी वासच त्यांच्या फुप्फुसाला आणि लिव्हरला त्रास देतो. कागदाचं किंवा अ‍ॅस्पेनच्या लाकडाचं, धूळ नसलेलं घ्या. त्या खोलीत उदबत्ती, रूम फ्रेशनर, परफ्यूम, सिगरेट काही नको.

रोज न्याहाळण्यासारखं म्हणजे बरगड्या आत ओढल्या जातात का, पाठीला पोक काढून केस पिंजारून बसते का, डोळे अर्धे मिटलेले आहेत का. उंदीर आजार लपवतो, शेवटपर्यंत खात राहतो, म्हणून दिसण्यापेक्षा वजनावर भरवसा ठेवा. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा किचन स्केल, त्यावर डबा, डब्यात उंदीर, दर आठवड्याला त्याच वेळी. तीस ग्रॅमची सत्तावीसवर आली तर आपल्याला तीन ग्रॅम काहीच वाटत नाहीत, पण तो तिच्या अंगाचा दहावा भाग आहे. तोंड उघडून श्वास घेत असेल तर वाट बघायची नाही, त्याच तासाला व्हेट. नेताना डब्यात तिचं घरटं टाका, पाण्याच्या बाटलीऐवजी काकडीची फोड ठेवा कारण बाटली हलून सगळं ओलं करते, आणि सोबतची उंदरीण पण न्या, तिचीही छाती तपासून होईल आणि हिला धीर राहील.

प्रश्न: बायको गरोदर आहे आणि आमच्याकडे तीन उंदीर आहेत. देऊन टाकावे का?

उत्तर: लगेच देऊन टाकायची गरज नाही, पण हे हलक्यात घ्यायचं पण नाही. एलसीएमव्ही नावाचा एक विषाणू घरात शिरणाऱ्या जंगली उंदरांमध्ये असतो, तो पाळीव उंदरांनाही लागू शकतो आणि उंदीर बघायला ठणठणीत दिसतो. हे क्वचित होतं, पण गरोदरपणात झालं तर बाळाला गंभीर इजा होते, म्हणून क्वचितवर सोडून चालत नाही. पिंजरा तिच्या झोपायच्या खोलीत नको. साफसफाई, खाणं, उचलणं सगळं तुम्ही करा, हात साबणाने धुवा, बेडिंग ओलसर करून बदला म्हणजे धूळ उडणार नाही. ह्या महिन्यांत नवीन उंदीर आणू नका आणि घरात बाहेरचे उंदीर येत असतील तर तो बंदोबस्त आधी. आणि तिच्या डॉक्टरांना घरात उंदीर आहेत हे सांगा, ते विचारतील ह्याची वाट बघू नका. त्यांनी हलवा म्हटलं तर तेवढे महिने कोणाकडे तरी ठेवा.

थोडक्यात विचारलेलं, थोडक्यात:

दात पिवळे का? पिवळेच असतात, निरोगी आहेत. पुढचे दात आयुष्यभर वाढतात, वरचे खालचे एकमेकांवर नीट बसतायत ना एवढंच बघा आणि कुरतडायला बिनरंगाचं लाकूड द्या.

आंघोळ? नाही. भिजला की गारठतो, आणि त्याचा स्वतःचा वास गेल्यावर सोबतीच त्याला परका समजतात.

रात्री बघायचं असतं, लाइट कुठला? मंद लाल. लाल रंग उंदरांना जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे ते बिनधास्त फिरतात. गुलाबी डोळ्यांच्या उंदरांचा पिंजरा दिवसासुद्धा प्रखर उजेडात नको, त्यांचा डोळ्यातला पडदा खराब होतो.

व्हील तारेचं चालेल? नको, पाय आणि शेपटी अडकते. पट्टी भरीव पाहिजे आणि पळताना पाठ सरळ राहील एवढं मोठं, पंधरा ते वीस सेंटीमीटर.

पिंजऱ्याच्या तारांत किती अंतर? मोठ्या फॅन्सी माऊसलाही सहा सात मिलिमीटरच्या वर नको. डोकं गेलं की सगळा उंदीर जातो.

उकाडा? तिशीच्या वर पारा गेला की लक्ष ठेवा. पिंजऱ्यात एक थंड लादी ठेवा, गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून बाहेरून टेकवा. पंखा सरळ अंगावर नको. गळून आडवा पडला तर थंड जागी न्या, पाय आणि कान साध्या पाण्याने ओले करा, बर्फ लावू नका, आणि व्हेटकडे धावा.

आठवडाभर बाहेर जायचंय? रोज कोणीतरी येऊन बघणारं पाहिजे. सिपर बाटलीच्या (पिंजऱ्याला टांगायच्या पाण्याच्या बाटलीच्या) नळीतली गोळी अडकली तर बाटली भरलेली दिसते आणि उंदीर तहानेने मरतो. येणाऱ्याला बोटाने गोळी दाबून थेंब येतो का हे रोज बघायला सांगा.

प्रश्न: ताई, माझी उंदरीण पावणेदोन वर्षांची आहे. तिची बहीण गेल्या महिन्यात गेली. आता हिच्या पुढच्या पायाच्या मागे काखेत गाठ आली आहे, वाटाण्याएवढी. खातेय अजून. ऑपरेशन करावं का? आणि एकटी पडलीये ती, ह्या वयात सोबत आणावी का?

उत्तर: बहिणीचं वाचून वाईट वाटलं गं. त्या दोघी आयुष्यभर एकाच घरट्यात झोपल्या असणार.

गाठ काखेत असली तरी ती स्तनाची असू शकते, कारण उंदरिणीच्या स्तनांचा भाग मानेपासून मागच्या पायांपर्यंत पसरलेला असतो. म्हातारपणी हे बरंच दिसतं. मऊ, गरम आणि पटकन वाढलेली असेल तर पू साठलेला असायची शक्यता असते आणि तो काढता येतो, म्हणून आधी व्हेटला दाखव, सुई घालून ते बघतील. कडक गाठ निघाली तर स्पष्ट सांगते, उंदरांमध्ये स्तनाच्या गाठी बहुतेक कॅन्सरच्या निघतात आणि काढल्या तरी परत येतात. ह्या वयात, ह्या वजनाला, भूल आणि टाके सोसून तिला किती दिवस मिळतील हे व्हेटला विचार. मी तुझ्या जागी असते तर कदाचित ऑपरेशन न करता वेदना कमी करणारं औषध आणि आराम ह्यावर भर दिला असता, पण तिला बघून व्हेट काय म्हणतात ते माझ्या मतापेक्षा वर.

दिवस कसे चाललेत हे तिच्या घरट्यावरून बघ. रोज संध्याकाळी एक टिश्यू टाक. सकाळी तो फाडून, ओढून, गोल गादी केलेली असेल तर तिला अजून बरं वाटतंय. टिश्यू तसाच पडून राहायला लागला, वजन उतरायला लागलं, पाय ओढायला लागली, गाठ फुटली, ह्यातलं काही झालं की व्हेटकडे शांतपणे झोपवायचं बोलायची वेळ आली. आधी भूल देऊन मग इंजेक्शन द्या असं त्यांना सांग, आणि घरी काहीही करायला जाऊ नकोस.

सोबतीचं म्हणशील तर गाठीचं निदान होऊ दे आधी. हातात काही महिने आहेत असं वाटलं तर आण, पण एक नको, दोन आण, शांत स्वभावाच्या माद्या, कारण ही गेल्यावर मग ती नवीन एकटी पडेल आणि तुला परत हाच प्रश्न पडेल. नवीन दोघींना दोन तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेव, शिंक, खाज, टिकटिक काही आहे का बघ, त्यांचं काम करून झाल्यावर हात धुऊन मगच हिच्याकडे ये. नंतर तिन्हींना तिच्या पिंजऱ्यात नको, कोणाचाच वास नसलेल्या जागी, धुतलेल्या रिकाम्या टबमध्ये वगैरे एकत्र सोड, समोर बसून राहा. थोडी पळापळ, चुकचुक, एकमेकींचं शेपटीखाली हुंगणं हे होणारच. तासाभरात एका कोपऱ्यात एकत्र झोपायला लागल्या तर मोठ्या पिंजऱ्यात तिचं जुनं घरटं आणि त्यांचं घरटं मिसळून टाक आणि तिघींना सोड. म्हातारी पळून पळून दमतेय आणि त्या दोघी मागे लागल्यात असं दिसलं तर ओढून ताणून करू नकोस, पिंजरे जवळजवळ ठेव, दोन्हींच्या मध्ये चार बोटांचं अंतर असू दे, नाहीतर जाळीतून बोटं चावतात.